मुलीला सोलला पाठवू का? आधी विचारा, मागे कोण राहणार

वाकोल्याच्या एका आईने विचारलं आहे: "ऑगस्ट २०२७ला दक्षिण कोरियात सोलमध्ये जागतिक युवा दिन आहे. आमच्या पॅरिशची युथची मुलं जाणार म्हणतात. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची असेल. आजवर मामाच्या घरापलीकडे एकटी राहिलेली नाही. पाठवू का? मिटिंगला काय विचारू? आणि बरोबर काय देऊ?"

ताई, जागतिक युवा दिन म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा पोपसोबतचा मेळावा. २००५ साली कोलोनला त्याला मी स्वतः पोरगी म्हणून गेले होते. त्यानंतर माद्रिद, क्राकोव, लिस्बन आणि २०२५च्या ज्युबिलीला (चर्चच्या पवित्र वर्षाला) रोम, अशी चार वेळा मुंबईची मुलं घेऊन गेले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: पाठवा. मात्र पैसे भरण्याआधीच्या मिटिंगला हात वर करून एकच गोष्ट विचारा. "एखादं मूल आजारी पडलं, हरवलं, पासपोर्ट गमावून बसलं, तर त्याच्यासोबत मागे कोण राहणार?"

उत्तरात माणसाचं नाव आलं तर ग्रुप जाणता आहे. "बघू तेव्हा, देव आहे की" असं उत्तर आलं तर सावध व्हा. देव आहेच, पण त्याला कोरियाचा व्हिसा लागत नाही. मागे राहणाऱ्या माणसाला लागतो, आणि त्याचं तिकीटही ग्रुपच्या परतीच्या तारखेशी बांधलेलं असतं.

हे मी क्राकोवला शिकले. जुलै २०१६. शेवटच्या शनिवारी सगळी मुलं ब्झेगीच्या मैदानाकडे चालत निघायची होती. पहाटे आमच्यातल्या एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशी उन्हात तिने दिवसभरात एक बाटली पाणी प्यायलं होतं, कारण टॉयलेटची रांग नको. मोठी माणसं आम्ही चार, मुलं एकतीस. म्हणजे कागदावर ठीक. पण मी तिला घेऊन हॉस्पिटलात बसले तेव्हा बाकी तिघांवर तीस मुलं आली, तीही लाखोंच्या गर्दीत. संध्याकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर जागरणाची प्रार्थना लागली. पोप फ्रान्सिस तरुणांना सांगत होते, सोफ्यावर बसून आयुष्य घालवू नका. एक नर्स मोडक्या इंग्रजीत आम्हाला ते समजावत होती, आणि मी सलाइनच्या स्टँडशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. तीन वर्षं ज्या रात्रीची वाट पाहिली ती अशी गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मैदानावर ते तिघं रात्रभर डोळा न मिटता बसले, त्याची काळजी त्याहून मोठी होती.

तेव्हापासून माझा हिशेब असा: आठ मुलांमागे एक मोठा, आणि वर एक जास्तीचा. या जास्तीच्या माणसाकडे कुठलाही गट नाही. त्याने मैदानाची, पोपदर्शनाची आस धरायची नाही, हे त्याला मुंबईतच सांगून ठेवायचं. आणि मोठ्यांत एक तरी बाई हवीच. मुलींची संख्या निम्मी असेल तर मोठ्यांतही निम्म्या बायका हव्यात. "सिस्टर येणार आहेत ना एक" हे पुरेसं नाही.

आता हा प्रवास आहे काय ते सांगते. 'परदेश' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉटेल येतं, आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. जागतिक युवा दिन पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केला. पहिला १९८६ साली झाला, आणि साधारण दोन-तीन वर्षांनी जगात कुठेतरी मोठा मेळावा भरतो. आशियात तो आजवर एकदाच भरला होता, १९९५ला मनिलात. सोलचे दिवस ३ ते ८ ऑगस्ट आहेत. त्याआधी काही दिवस मुलं त्या देशाच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत, तिथल्या कुटुंबांकडे किंवा पॅरिशमध्ये राहतात. खरं सांगायचं तर मुलांच्या लक्षात आयुष्यभर राहतात ते हे दिवस. त्यामुळे हे दिवस कापून स्वस्तातला आठवडा विकणारा ग्रुप मला आवडत नाही. आणि त्याच्या उलट, मागे दहा दिवसांची 'साइटसीइंग' जोडणारा तर त्याहून नाही. दमलेल्या पोरांना बसमध्ये कोंबून चर्चेस दाखवत फिरवायचं, की नवव्या दिवशी त्यांना चर्च नावाचाच कंटाळा येतो.

मुख्य आठवड्यात राहायचं ते शाळेच्या वर्गात, जिममध्ये, पॅरिश हॉलमध्ये. जमिनीवर चटई, त्यावर स्लीपिंग बॅग. आंघोळीला रांग, कधी थंड पाणी. शेवटची रात्र उघड्या मैदानावर. माद्रिदला २०११मध्ये क्वात्रो व्हियेन्तोसच्या विमानतळावर त्या रात्री असं वादळ आलं की पोप बेनेडिक्ट यांना भाषण अर्ध्यावर थांबवावं लागलं. पवित्र भाकरी ठेवलेले काही तंबू कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी हजारो मुलांना कम्युनियनच मिळालं नाही. आमची मुलं ओल्या स्लीपिंग बॅगांत कुडकुडत 'गेले ते दिन' म्हणत होती. एरवी पावसाळ्यात छत्री विसरणारी मुंबईची पोरं! लिस्बनला नेमकं उलटं. तेजो नदीकाठचं मैदान, पंधरा लाख माणसं, डोक्यावर ऊन, आणि सकाळी सातला एका डीजे पाद्र्याने टेक्नो लावून सगळ्यांना उठवलं. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता, मुलं मात्र नाचत होती. त्याच सकाळच्या मिस्साच्या (सामूहिक उपासनेच्या) शेवटी पोप फ्रान्सिस यांनी सोलचं नाव जाहीर केलं.

याची तालीम इथे करता येते. मी निघण्याच्या सहा महिने आधी मुलांना एका शनिवारी रात्री पॅरिश हॉलमध्ये झोपवते. फरशीवर, दोन टॉयलेटांत पस्तीस जणं, पंखा एकच चालू. कोण घोरतं, कोण रात्री फोन खाली ठेवत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण दुसऱ्याची उशी ओढतं, सगळं एका रात्रीत कळतं. दुसरी तालीम पायांची. अंधेरीहून बांद्र्याच्या मोतमाउलीच्या चर्चपर्यंत चालत, पाठीवर बॅग घेऊन, भर पावसात. जत्रेला आपण एरवी रिक्षाने जातो, टेकडीखाली उतरतो आणि मग दमल्यासारखं करतो. या चालण्यात ज्याचे पाय सोलतात त्याचे बूट बदलायचे, ज्याचा सूर बिघडतो त्याच्याशी बोलायचं. एकदा दोन मुलं सांताक्रूझलाच गुपचूप लोकलमध्ये चढली आणि आमच्या आधी मोतमाउलीला पोहोचून चणे खात बसली. त्यांना मी नेलं, पण गटाचं शेपूट सांभाळायचं काम दिलं. शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं. पूर्ण प्रवासात पुन्हा कुठे चढली नाहीत.

आणि मोजणी. ही एक गोष्ट तुमच्या मुलीच्या ग्रुपने माझ्याकडून चोरावी अशी माझी इच्छा आहे. प्रत्येकाला एक आकडा. बसमध्ये चढताना, उतरताना, प्लॅटफॉर्मवर, टॉयलेटहून परतल्यावर, पुढारी ओरडतो "मोजा!" आणि मुलं ओळीने आपापला आकडा मराठीत ओरडतात. इंग्रजीत मोजलं तर शेजारच्या तीन देशांचे आकडे मिसळतात. मराठीत 'एकोणीस' म्हणणारं त्या गर्दीत दुसरं कुणीच नसतं. लिस्बनच्या ओरिएंते स्टेशनवर अकरा, बारा, तेरा... आणि चौदा गप्प. गाडी समोर उभी. गाडी सोडली. सहा मिनिटांनी चौदा नंबर पाण्याच्या नळाकडून दोन्ही बगलांत बाटल्या घेऊन धावत आला. "तुमच्या सगळ्यांसाठीच भरत होतो, मिस." ओरडायचं तरी कसं? ओरडले. बाटल्या मात्र घेतल्या.

कागदांचं आता. मुंबईत मला सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट पासपोर्टवरचं नाव ही आहे. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर मारिया तेरेजा, शाळेच्या दाखल्यावर नुसतं तेरेजा, आधारवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं, आणि आडनावाचं स्पेलिंग बापाचं एक, मुलीचं एक. डिसोझा, डिमेलोवाल्यांच्या इंग्रजी 'डी'नंतरच्या वरच्या टिंबाचा (अॅपॉस्ट्रॉफीचा) तर स्वतंत्र इतिहास लिहिता येईल. हे सगळं आत्ता बसून एकसारखं करून घ्या, कारण तिकीट, व्हिसा, विमा आणि मेळाव्याची नोंदणी, चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव जायला हवं. दुसरं, लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. बाराव्या वर्षी काढला असेल तर सतराव्या वर्षी संपतो, म्हणजे नेमका तेव्हाच. पंधरा पूर्ण झालेल्या मुलांना दहा वर्षांचा मागता येतो, तो मागा. परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी मुदत शिल्लक असू द्या.

सोलला जायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावाच लागतो. 'चर्चचा ग्रुप आहे, कोण अडवणार' या भ्रमात राहू नका. अशा मेळाव्यांना येऊन काही तरुण परत गेलेच नाहीत असं वेगवेगळ्या देशांत घडलं आहे, त्यामुळे दूतावास तरुण, अविवाहित, पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या अर्जदाराकडे बारकाईने पाहतात. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. तुमची मुलगी परत येणार हे कागदांवरून दिसलं पाहिजे: कॉलेजचं बोनाफाइड, तुमचं बँक स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न, पॅरिश प्रीस्टचं पत्र, मेळाव्याच्या नोंदणीची प्रत. बँकेत अर्जाच्या आठवड्यात एकदम दोन लाख आणून ठेवू नका. ते लगेच दिसतं, आणि उसने आणलेत हेही दिसतं. सहा महिने हळूहळू वाढलेली रक्कम बरी. अठराखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. त्यात मूल कुणाबरोबर जातंय त्या प्रौढाचं नाव आणि पासपोर्ट नंबर असतो. वडील गल्फमध्ये असतील तर ते आधीपासून मागवा. एका वर्षी एका मुलाच्या वडिलांचं संमतिपत्र मस्कतहून येण्यात इतका वेळ गेला की बाकी सगळ्यांचे व्हिसा हातात आणि त्याचा अर्जसुद्धा गेलेला नाही, अशी वेळ आली.

पैशांबद्दल एवढंच: विमानभाडं सगळ्यात मोठा घास, बाकी त्याच्या मागून. व्हिसा नाकारला तर किती परत मिळतं आणि किती बुडतं, हे आधी लेखी घ्या. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापतात, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. त्याची पावती कुणाच्या पॅनवर निघते ते विचारून घ्या. आईच्या पॅनवर निघाली आणि रिटर्न बापाने भरला तर नंतर बसायचं डोकं धरून.

तब्येतीच्या फॉर्मबद्दल मी कडक आहे. २०२५च्या रोमच्या ज्युबिलीत दोन तरुण मुलींचा मृत्यू झाला, एक इजिप्तची अठरा वर्षांची, एक स्पेनची वीस वर्षांची. तोर व्हेर्गाताच्या मैदानावर पोप लिओ यांनी सगळ्यांना त्या दोघींसाठी प्रार्थना करायला सांगितलं. आमच्या मुली त्यांच्याच वयाच्या. त्या रात्री एकीने मला येऊन हळूच सांगितलं की तिला दम्याचा पंप लागतो, आणि आईने फॉर्मवर लिहायला मना केलं होतं, "ग्रुपमधून काढतील म्हणून." ताई, असं करू नका. दमा, फिट, साखर, हृदयाचं काही, झोपेत चालणं, घबराटीचे झटके, काहीही असो, लिहा. आम्ही काढत नाही, आम्ही जास्तीच्या माणसाला सांगून ठेवतो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोरियात अमली द्रव्यांबाबत कायदा फार कडक आहे, आपल्याकडची कोडीन असलेली खोकल्याची औषधं बॅगेत नकोत.

एक अवघड प्रश्नही विचाराच, आणि लाजू नका. मुलं-मुली वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात का? कुठलाही मोठा माणूस, मग तो फादर असो, ब्रदर असो की युथ अॅनिमेटर, एका मुलाबरोबर बंद दारामागे एकटा राहणार नाही असा नियम आहे का? पापनिवेदन उघड्या जागी होतं का? रोममध्ये चिर्को मास्सिमोच्या मैदानावर हजारभर धर्मगुरू सगळ्यांच्या नजरेसमोर पापनिवेदन ऐकत होते, मग आपल्याला बंद खोली कशाला? मुलगी अठराच्या आत असेपर्यंत पॉक्सो कायदा लागू आहे, आणि तो ग्रुपमधल्या प्रत्येक मोठ्याला माहीत असायला हवा. जो पुढारी या प्रश्नाने दुखावतो, त्याच्यासोबत मी माझी भाची पाठवणार नाही.

फोन. तुम्हाला रोज बोलावंसं वाटणार. तिला नाही वाटणार, तिसऱ्या दिवशी मात्र वाटेल, कारण तिसऱ्या दिवशी प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी कुणाशी तरी भांडतं आणि कुणीतरी रडतं. तेव्हा लगेच पुढाऱ्याला फोन लावून "माझ्या मुलीला काय झालं?" विचारू नका. एक रात्र जाऊ द्या. आम्ही पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक संदेश टाकतो, ठरलेल्या वेळी, बहुतेक "सगळे एकतीस जेवले, झोपायला गेले." सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिथे मध्यरात्र. मैदानाच्या रात्री नेटवर्क अडकतं, त्या रात्री काहीच येणार नाही. ते आधी माहीत असलं की झोप लागते. आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक लॅमिनेट केलेलं कार्ड हवं: राहण्याच्या जागेचा पत्ता कोरियन लिपीत, पुढाऱ्याचे दोन नंबर, आणि मागे ११२ पोलीस, ११९ अँब्युलन्स. बॅटरी संपलेल्या फोनपेक्षा ते कार्ड टॅक्सीवाल्याला लवकर कळतं.

मुलीला एक अभ्यासही द्या, जड नाही. परदेशात आपली मुलं तिरंगा पाठीवर घेऊन फिरतात आणि पहिला प्रश्न येतो, "भारतात ख्रिस्ती असतात?" क्राकोवमध्ये आमचा एक मुलगा त्यावर नुसता "येस" म्हणून थांबला. मी बाजूला उभी राहून मनात कपाळावर हात मारला. वसईचा संत गोन्सालो गार्सिया आपलाच. वसईत जन्मलेला, जपानी भाषा येणारा, १५९७च्या फेब्रुवारीत नागासाकीला क्रुसावर मारलेला, १८६२ साली संत घोषित झालेला. म्हणजे पूर्वेकडे आपल्या गावचा माणूस चारशे वर्षांपूर्वीच पोहोचला होता. आणि कोरियाची चर्च तर धर्मगुरूंशिवाय सुरू झालेली. यी सुंग-हुन नावाचा तरुण पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेला, १७८४ला तिथे बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने इतरांना बाप्तिस्मा दिला. पहिला पाद्री तिथे पोहोचायला त्यानंतर सुमारे दहा वर्षं लागली. पहिला कोरियन धर्मगुरू अँड्र्यू किम १८४६ला मारला गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याला आणि आणखी १०२ जणांना पोप जॉन पॉल यांनी १९८४ला सोलमध्येच संत घोषित केलं. हान नदीकाठी जोलदुसान म्हणून कडा आहे, जिथे ख्रिस्ती लोकांची मुंडकी उडवली. हे माहीत असलेली मुलगी तिथे उभी राहील तेव्हा सेल्फी काढेलच, पण मग थोडा वेळ फोन खिशात ठेवेल.

आता बॅग. सोलचा ऑगस्ट दमट आणि उकाड्याचा, पाऊसही असतो, म्हणजे मुंबईच्या पोरांना नवीन काही नाही. लवकर वाळणारे कपडे चार जोड, खांदे झाकेल अशी एक ओढणी, पातळ रेनकोट, टोपी, आणि बूट. बूट आत्ताच घ्या आणि वर्षभर वापरायला लावा. निघायच्या आठवड्यात घेतलेल्या नव्या बुटांनी माझ्या एका मुलाचे दोन्ही अंगठे काळे केले होते. भेट द्यायला छोट्या वस्तू द्या. जगभरची पोरं बिल्ले, झेंडे, माळा अदलाबदल करतात, आणि लुगड्याच्या काठाच्या बारीक पट्ट्यांची आम्ही बनवलेली ब्रेसलेट लिस्बनला गरम भजीसारखी संपली. मांसाचं काही देऊ नका. सॉसेज, चोरिस, सुकं मटण कस्टमला काढून घेतात आणि वर दंड. आपला ईस्ट इंडियन बॉटल मसाला द्यायचाच असेल तर काचेच्या बाटलीत देऊ नका. माझ्या स्वतःच्या बॅगेत ती फुटली होती, रोममध्ये. आठवडाभर माझे कपडे, माझी प्रार्थनेची वही आणि पोपमहाशयांना दाखवायचा आमचा बॅनर, सगळ्याला लग्नघरातल्या मटणाचा वास येत होता, आणि मुलं दर जेवणाला माझ्या शेजारी बसायला भांडत होती.